पाण्याचं बोट धरून ओकु-निक्को: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तोक्योत नव्याने आलेली मराठी मंडळी पहिल्या वर्षात कधी ना कधी निक्कोला जातातच. परत आल्यावर विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "मस्त आहे हो, पण फार पळापळ झाली." होणारच. सकाळी तोशोगूची देवळं, दुपारी केगॉन धबधबा, मग सरोवराच्या काठावर दोन फोटो, आणि अंधार पडायच्या आत परतीची गाडी. मीही पहिल्यांदा हेच केलं. घरी आल्यावर फोटो बघताना कुठलं पाणी कुठलं, तेही सांगता येईना.

तीन-चार फेऱ्यांनंतर डोक्यात प्रकाश पडला. निक्को गावाच्या वर, डोंगरात जो भाग आहे त्याला ओकु-निक्को म्हणतात. 'ओकु' म्हणजे आतलं, माजघरातलं. तिथली तळी, धबधबे आणि पाणथळ ही सुटी सुटी ठिकाणं नाहीतच मुळी. पाणी एकच आहे. ते वर युनोको तळ्यात साठतं, युदाकी धबधब्यावरून खाली येतं, युकावा नदी होऊन सेन्जोगाहाराच्या पाणथळीतून रेंगाळतं, र्‍युझू धबधब्यावरून घसरत चुझेन्जी सरोवरात शिरतं आणि सरोवराच्या दुसऱ्या टोकाला केगॉनच्या कड्यावरून ९७ मीटर खाली कोसळतं. म्हणून बसने थेट सगळ्यात वर जायचं आणि पाण्याबरोबर चालत खाली यायचं. चढ जवळजवळ नाही, रस्ता चुकायची भीती नाही, आणि केगॉन शेवटी येतो, जिथे तो यायला हवा.

आधी पाट्यांवरचे शब्द. 'ताकी' म्हणजे धबधबा. दुसऱ्या शब्दाला जोडून आला की त्याचा 'दाकी' होतो. 'को' म्हणजे सरोवर, 'इके' म्हणजे तळं किंवा डबकं, 'नुमा' म्हणजे दलदलीचं तळं, 'कावा' म्हणजे नदी. आणि 'यु' म्हणजे गरम पाणी. आता युमोतो, युनोको, युदाकी, युकावा ही नावं पुन्हा वाचा. गरम झऱ्यांचं मूळ, त्याचं तळं, त्याचा धबधबा, त्याची नदी. नकाशा नावांतच आहे.

कधी जायचं

खरं सांगायचं तर मे अखेर ते मध्य जून, किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. जूनमध्ये र्‍युझूच्या दोन्ही काठांना जांभळट अझेलिया फुलतो आणि पाणथळीत कापसासारखी पांढरी गवतफुलं यायला लागतात. ऑक्टोबरात पानांचे रंग. हे रंग वरून खाली उतरत येतात: सप्टेंबर संपता संपता र्‍युझूपाशी सुरुवात होते, ऑक्टोबरच्या मध्यानंतर चुझेन्जीचा काठ पेटतो, महिनाअखेरीस घाट, आणि खाली देवळांपाशी तर नोव्हेंबर उजाडतो. त्यामुळे "निक्कोची पानं कधी?" या प्रश्नाला एक तारीख नसते, आधी कुठल्या उंचीची ते विचारायचं.

ऑक्टोबरातले शनिवार-रविवार मात्र टाळाच. घाटात गाड्यांची रांग लागते आणि पाऊण तासाच्या रस्त्याला दोन-तीन तास लागतात. सुट्टी टाकून मंगळवारी जा. जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत धुकं असतं, ऑगस्टमध्ये दुपारी विजांचा कडकडाट. जानेवारी-फेब्रुवारीत केगॉनच्या कड्याला बर्फाच्या निळसर लोंबकळत्या कांड्या लागतात, ते बघण्यासारखं आहे. पण पाणथळीतली चाल बर्फात नवख्याने करू नये.

तोक्योत गरम होतंय म्हणून पातळ शर्टावर निघू नका. चुझेन्जीचा काठ १२६९ मीटरवर आहे, युनोको १४७८ मीटरवर. म्हणजे युनोको तर महाबळेश्वरहूनही वर. तापमानात आठ-दहा अंशांचा फरक सहज पडतो.

तोक्योहून वर

सगळ्यात सोपी गाडी आसाकुसाहून सुटणारी तोबू कंपनीची. तोक्योत निशी-कासाईकडे राहणाऱ्या मंडळींनी मेट्रोच्या तोझाई लाइनने निहोम्बाशीला यायचं आणि गिन्झा लाइन पकडून आसाकुसा गाठायचं. जलद गाडीने तोबू-निक्को स्टेशनपर्यंत पावणेदोन ते दोन तास. काही जलद गाड्यांचे शिमो-इमाइची स्टेशनवर दोन तुकडे होतात: एक निक्कोला, दुसरा वेगळ्या दिशेला. चुकीच्या डब्यात बसून झोपलात तर उठाल तेव्हा डोंगर तेच असतील, गाव दुसरं. आरक्षणाच्या तिकिटावरचा डबा क्रमांक नीट बघा.

परदेशी पासपोर्ट असलेल्यांसाठी तोबूचा चार दिवसांचा पास असतो. त्यात जाण्या-येण्याचं साधं भाडं आणि युमोतोपर्यंतच्या बस येतात. जलद गाडीचा अधिभार वेगळा. तुमच्याजवळ असा पास नसेल तर स्टेशनवरच बसचा दोन दिवसांचा पास घ्या. युमोतोचं सुटं तिकीट बरंच महाग पडतं, पास जवळजवळ जाऊन-येऊनच वसूल होतो.

एक दिवस की दोन? दोन. एक दिवस पाण्याला, एक दिवस देवळांना. एकच दिवस हाताशी असेल तर देवळं सोडा. तोशोगू १९९९ पासून जागतिक वारसा आहे, पुढच्या खेपेलाही तिथेच असेल. हे माझं मत. आमच्या घरी यावरून वाद आहेत. एका दिवसात करायचं असेल तर आसाकुसाहून साडेसहाच्या आसपास निघा.

स्टेशनसमोरच्या दुकानातून पाणी आणि खायचं घ्या, वर दुकानं तुरळक आहेत. शाकाहारी असाल तर घरूनच दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी आणा. वर मिळणाऱ्या साध्या दिसणाऱ्या सोबा नूडल्सच्या रश्शातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. निक्कोची खासियत 'युबा' ही मात्र आपल्या कामाची: सोयाबीनचं दूध तापवून त्यावर धरलेली साय, घड्या घालून किंवा गुंडाळून. पण तीही बहुतेक वेळा त्याच रश्शात मुरवलेली येते, तेव्हा विचारून घ्या. कचऱ्यासाठी एक पिशवी ठेवा, वाटेत कचरापेट्या नाहीत. थोडी रोख हवीच.

घाट

घाटाचं नाव इरोहाझाका. जुन्या जपानी मुळाक्षरांची सुरुवात 'इ-रो-हा' अशी होते आणि ती अक्षरं ४८. घाटातली वळणंही ४८, प्रत्येक वळणावर एकेका अक्षराची पाटी. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा. चढताना २०, उतरताना २८. मळमळ होत असेल तर पुढच्या सीटवर बसा, तोंडात लवंग किंवा आवळा सुपारी धरा, आणि मोबाइलमध्ये डोकं घालू नका.

चढणीच्या शेवटाला आकेचिदाइरा थांबा लागतो. तिथून तीन मिनिटांचा रोपवे वर जातो आणि वरून केगॉन, सरोवर आणि नान्ताई डोंगर एकाच नजरेत येतात. हा थांबा फक्त चढणीच्या रस्त्यावर आहे, येताना लागत नाही. हवा स्वच्छ असेल आणि मुक्काम असेल तर उतरा. एका दिवसाची फेरी असेल तर बसून राहा, पुढे बरंच चालायचं आहे.

युमोतो, जिथून पाणी निघतं

स्टेशनपासून युमोतोला साधारण सव्वा तास, घाटात गर्दी असेल तर अधिक. बसचं दार उघडलं की पहिल्यांदा वास येतो, उकडलेल्या अंड्यांचा. तो गंधक. गावाच्या मागच्या बाजूला ओलसर माळावर लाकडाच्या ठेंगण्या, उतरत्या छपराच्या खोपट्या दिसतात, आपल्याकडच्या कोंबड्यांच्या खुराड्याएवढ्या. त्या प्रत्येकीच्या खाली गरम झरा आहे. वाकून पाहिलं तर फळ्यांच्या फटीतून वाफ येते आणि आत राखाडी पाणी बुडबुडत असतं. इथूनच पाइपांनी सगळ्या हॉटेलांत पाणी जातं.

सार्वजनिक स्नानगृहात कपड्यांविना जायचं ही कल्पना पहिल्या खेपेला पचत नसेल तर गावात पाय बुडवून बसायची जागा आहे, तिथे बसा. पण जोडवी, पैंजण, चांदीची अंगठी आधी काढून ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. आईची जोडवी अर्ध्या तासात काजळासारखी झाली होती. पुढे घरी दंतमंजनाने घासत बसली बिचारी.

गावाला लागूनच युनोको. परीघ जेमतेम तीन किलोमीटर. शेजारच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याने ओढा अडला आणि हे तळं झालं. गावाकडच्या काठाला गरम पाणी मिसळतं, म्हणून कडाक्याच्या थंडीतही तो कोपरा गोठत नाही. काठाकाठाने दक्षिणेकडे चालत जा, अर्धा तास. तळं संपतं तिथे पाण्याचा आवाज सुरू होतो.

युदाकी

मला विचाराल तर या सगळ्यांतला सगळ्यात आवडता धबधबा हाच, केगॉन नव्हे. तळ्याचं पाणी काठावरून सरळ खाली झोकून देत नाही. सुमारे ७० मीटर उंचीच्या काळ्या लाव्ह्याच्या उतारावरून ते पसरत, फेसाळत येतं. कुणी मोठ्या कढईतून ताक ओतावं तसं. धबधब्याला खेटूनच लाकडी पायऱ्या उतरतात, आणि दहा मिनिटं तुम्ही व पाणी बरोबरीने खाली येता. पायऱ्या ओल्या असतात. चपला, सँडल नकोत.

खाली लाकडी सज्जा आहे, तुषार अंगावर येतात. आणि इथे आपल्या माणसांना सांगायची गोष्ट: पाण्यात उतरायचं नाही. ताम्हिणी, माळशेज, भुशी डॅम करून मोठे झालेल्या आपल्याला धबधबा म्हटलं की भिजणं आलं, त्यावर गरम भजी आली. इथे धबधबा बघायचा असतो. लोक येतात, कठड्याशी उभे राहतात, दहा-पंधरा मिनिटं काही बोलत नाहीत, आणि जातात. पहिल्यांदा मला हे फार कोरडं वाटलं. आता पुण्यात पावसाळ्यात ताम्हिणीला गेलो की स्पीकरवरची गाणी सहन होत नाहीत, हा मात्र तोटा झाला. भज्यांची जागा इथे काठीला टोचून, मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला आयु मासा घेतो. खाणाऱ्यांनी जरूर घ्या. शेजारीच स्वच्छतागृह आहे, तेही उरकून घ्या.

पाणथळ

युदाकीपासून युकावाच्या काठाने पायवाट जंगलात शिरते. अर्ध्या-पाऊण तासावर इझुमियादो-इके नावाचं एक छोटंसं तळं लागतं. जमिनीतून झिरपलेलं पाणी, इतकं नितळ की तळाचं शेवाळ मोजता यावं. काठावर बाकं आहेत, दशम्या इथे सोडा.

पुढे सेन्जोगाहारा. सुमारे १४०० मीटर उंचीवरची ४०० हेक्टरांची पाणथळ, २००५ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे. नावाचा अर्थ रणांगण. नान्ताई आणि आकागी या डोंगरांचे देव चुझेन्जी सरोवराच्या हक्कावरून इथे लढले. नान्ताईने सापाचं रूप घेतलं, आकागीने शतपाद गोमेचं. सरोवर नान्ताईकडेच राहिलं, तेव्हा निकाल काय लागला ते कळलंच.

वाट बहुतेक फळ्यांची आहे. फळ्यांवरून खाली पाय टाकायचा नाही: खालचा कुजलेल्या वनस्पतींचा थर हजारो वर्षांत साठलाय, बुटाचा एक ठसा बराच काळ राहतो. पाणथळीभोवती हरणांना रोखायला कुंपण आहे, त्यातून जाताना फिरतं दार लागतं. समोरून येणारे "कोन्निचिवा" म्हणतात, आपणही म्हणावं. मोठ्या गटापुढे अरुंद जागी थांबून वाट द्यावी. इथे अस्वलं आहेत, काळी, छातीवर पांढरी चंद्रकोर असलेली. बॅगेला छोटी घंटा बांधा, पहाटे आणि तिन्हीसांजेला एकटे जाऊ नका, आणि निघण्यापूर्वी युमोतोच्या माहिती केंद्रात फलकावर नजर टाका; अस्वल दिसलं असेल तर लिहिलेलं असतं.

आकानुमा थांब्यापाशी पाणथळ संपते. पाय बोलायला लागले असतील तर इथून बस पकडा, त्यात काही कमीपणा नाही. नाहीतर अजून अर्धा तास चाला. युमोतोपासून र्‍युझूपर्यंत सगळं मिळून तीन ते साडेतीन तास धरा.

र्‍युझू आणि सरोवर

र्‍युझू म्हणजे ड्रॅगनचं डोकं. खडकांवरून २१० मीटर लांब घसरत आलेलं पाणी शेवटी एका मोठ्या खडकाने दुभंगतं. दोन धारा म्हणजे मिशा, मधला खडक म्हणजे तोंड, असं म्हणतात. मला ड्रॅगन कधी दिसला नाही, पण समोरच्या चहाच्या दुकानात बसून बघायला ही सगळ्यात आरामाची जागा आहे.

इथून बसने दहा-पंधरा मिनिटांत चुझेन्जी-ओन्सेन, सरोवराकाठचं गरम झऱ्यांचं गाव. सरोवर झालं ते नान्ताईमुळे: सुमारे २०,००० वर्षांपूर्वी त्याच्या लाव्ह्याने नदीची वाट अडवली. परीघ २५ किलोमीटर, सर्वांत खोल जागी १६३ मीटर. २४८६ मीटरचा नान्ताई पाण्यावर असा ओणवलेला असतो की फोटोत तो मावत नाही. मागे सरका, तरी मावत नाही. शोदो शोनिन नावाच्या भिक्षूने ७८२ मध्ये हा डोंगर सर केला आणि काठावर मंदिर उभारलं. १८७२ पर्यंत बायकांना इथवर यायलाच बंदी होती. हे आईला सांगितलं, तर ती काठावरच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "मग आता जरा जास्तच वेळ बसते."

एप्रिल मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत बोट फिरते. वेळ असेल तर पूर्व काठावरच्या मंदिरात उभ्या झाडात कोरलेली हजार हातांची कानोन पाहा. कानोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर.

केगॉन

बसथांब्यापासून पाच मिनिटं. वरचा सज्जा फुकट आहे, पण खरा धबधबा खालून. खडकात खोदलेल्या लिफ्टने १०० मीटर खाली जायचं, एका मिनिटात. संध्याकाळी पाचच्या सुमारास ती बंद होते, हिवाळ्यात त्याआधी. म्हणून साडेतीनपर्यंत इथे पोचायचं असा सगळा हिशेब ठेवा. तिकीट काढण्याआधी वरून एकदा डोकावून बघा. धुक्यात काही दिसत नसेल तर खालीही दिसणार नाही. पहिल्या खेपेला मी हा शहाणपणा केला नव्हता. पैसे मोजून अर्धा तास पांढऱ्या भिंतीसमोर उभा होतो, आवाज तेवढा ऐकला.

दिसला तर मधल्या उंचीकडे बघा. मुख्य धार वरून येते, पण कड्याच्या मध्यावर, लाव्ह्याच्या दोन थरांमधून, बारीक बारीक धारांची अख्खी झालर फुटलेली असते. तेही सरोवराचंच पाणी, दगडातून झिरपत आलेलं. उन्हाळ्यात त्या धारांपुढून पाकोळ्या भिरभिरतात.

नावाची गंमत इथेच सांगतो. केगॉन हे एका बौद्ध सूत्राचं जपानी नाव. संस्कृतात ते अवतंसक सूत्र. अवतंस म्हणजे माळ, डोक्यावरचं भूषण. क्षत्रियकुलावतंस म्हणतो, त्यातला तो अवतंस. शेजारच्या दरीतल्या हान्न्या धबधब्याचं नाव म्हणजे प्रज्ञा. उतरणीच्या घाटात बस डाव्या-उजव्या वळणांतून जाताना झाडांमधून तो निसटता दिसतो. माकडंही दिसतील. खिडकीतून खाऊ टाकू नका, त्याला तिथे बंदी आहे.

परतीच्या बसमधून स्टेशनपर्यंत न जाता शिन्क्यो थांब्याला उतरा. लाल लाकडी पुलाखालून दाइया नदी खळाळत जाते. सकाळी गंधकाचा वास होता ते हेच पाणी. तिथून स्टेशन वीसेक मिनिटं, सगळा उतार. स्टेशनसमोर तळलेला युबा-मांजू मिळतो: आत वाटलेल्या कडधान्याचं गोड पुरण, वर कुरकुरीत आवरण, त्यावर मिठाचे चार कण. गरम असतानाच खा. दोन घ्या.